कढीचं घर

गुरुजींच्या जानव्याला दोन वस्तू बांधलेल्या असायच्या. एक घराची किल्ली, दुसरा पेनड्राइव्ह. किल्लीचं कोणाला नवल नव्हतं. आमच्या झाशीतल्या जुन्या मराठी घरांतले आजोबा-पणजोबा सगळे जानव्याला किल्ल्या बांधूनच हिंडलेले. पेनड्राइव्ह मात्र अख्ख्या बुंदेलखंडात यांच्याच जानव्याला होता, आणि तो मी विकलेला होता. म्हणून जो तो मलाच विचारायचा, "काय रे, हे काय गळ्यात मारलंस त्यांच्या?"

मी काही मारलं नव्हतं. माझं सिपरी बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एक दिवस गुरुजी आले, चपला बाहेर काढून आत शिरले आणि म्हणाले, "चौसष्ट जीबीचा दे. कोणाचा वापरलेला नको."

"गुरुजी, सीलबंद आहे."

"सील तर तूही मारू शकतोस."

आता बोला! मी त्यांच्यासमोर पाकीट फाडलं. त्यांनी तो तळहातावर घेतला आणि खिशातून छोटी गंगाजलाची बाटली काढली. मी ओरडलोच. "अहो, पाणी नको! मरेल तो!" त्यांनी क्षणभर विचार केला, बाटली परत ठेवली आणि तुळशीचं एक पान काढून त्यावर टेकवलं. "हे चालेल ना तुझ्या शास्त्रात?" म्हणाले. चालेल म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

गुरुजींनी सगळी नोकरी रेल्वेच्या कारखान्यात काढली, तीही कॉम्प्युटरच्या खोलीत. भिक्षुकी घराण्यात चालत आलेली. निवृत्त झाल्यावर दोन्ही विद्या त्यांनी एकत्र कालवल्या आणि त्यातून जे तयार झालं ते आम्ही अठरा मराठी घरांनी भोगलं. मराठी रीतीनं गणपती बसवणारे, मुंज लावणारे, मंगलाष्टकं म्हणणारे तेवढे एकच उरले होते. त्यांच्याशी भांडून जाणार कुठे?

त्यांचं सोवळं अजब होतं. जेवायला कुठेही बसत. आमच्याकडची साटोरी, शेजारच्या ठाकूरसाहेबांकडची पूरी, बरुआसागरच्या बसमध्ये कोणी दिलेला पेरू, सगळं चालायचं. पण परक्याच्या हार्डडिस्कला शिवायचे नाहीत. पोथी, पंचांग, संकल्प, सगळं पेनड्राइव्हवर. आणि नुसत्या फायली नव्हेत, तर लिनक्सची अख्खी प्रणाली. यजमानाचा कॉम्प्युटर बंद करायचा, पेनड्राइव्ह लावायचा आणि त्यावरूनच चालू करायचा. यजमानाची विंडोज आत निजलेली राहायची, वर गुरुजींचा संसार मांडला जायचा. पूजा झाली की पेनड्राइव्ह काढायचा, कॉम्प्युटर पुन्हा चालू करायचा. मालकाचं सगळं जागच्या जागी. "जसं घेतलं तसं ठेवलं," असं मोठ्यानं म्हणायचे आणि मगच दक्षिणेला हात लावायचे.

बबीन्याच्या छावणीत एका सुभेदारांकडे पहिल्यांदा गेले तेव्हा सुभेदारीणबाई रडायलाच लागल्या. पडद्यावर त्यांच्या मुलांचा फोटो असायचा, तिथे एकदम गुरुजींचा दत्त. त्यांनी मला फोन केला, "भैया, पंडितजी ने मेरा सब कुछ उड़ा दिया!" मी समजावलं, की पूजा संपू द्या, काही उडालेलं नाही. तासाभरानं परत फोन आला. फोटो परत आला होता. आता बाई म्हणत होत्या की पंडितजींच्या हाताला सिद्धी आहे. मी म्हटलं, असेल बुवा.

आता जानव्याचं सांगतो. जानवं काढायचं नाही, हा नियम. पेनड्राइव्ह जानव्याला पक्का बांधलेला, हाही नियम. त्यामुळे पूजेभर गुरुजी स्वतःच कॉम्प्युटरला बांधलेले असायचे. छाती लॅपटॉपला टेकलेली, एका हातात पळी, आणि मान वाकडी करून मंत्र. एका सत्यनारायणाला आरती सुरू झाली तसे ते सवयीनं उठून उभे राहिले. पेनड्राइव्ह निघाला, पडदा काळा झाला, आणि सगळ्यांनी 'सुखकर्ता' म्हणता म्हणता गुरुजींकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना दीड मीटरची यूएसबी वायर फुकट दिली. तेव्हापासून त्यांना उभं राहता यायचं आणि घंटेपर्यंत हातही पुरायचा.

याच्याही पुढची गंमत म्हणजे त्यांची घरं. तरुणपणी गुरुजींनी एका बारशाला पाठांतरावर विसंबून भलत्याच घराचं गोत्र म्हटलं होतं. ते त्यांच्या मनाला फार लागलं. तेव्हापासून नियम असा, की कितीही येत असलं तरी पाहूनच म्हणायचं. आणि एका घराचा कुलाचार दुसऱ्या घरात मिसळू नये म्हणून त्यांनी पेनड्राइव्हच्या पोटात प्रत्येक घराला वेगळा कॉम्प्युटर करून दिला. खरा नव्हे, व्हर्च्युअल मशीन म्हणतात ते. एका कॉम्प्युटरच्या आत खोटा कॉम्प्युटर, त्याची आपली प्रणाली, आपलं घड्याळ, आपल्या फायली. असे अठरा! एका बोटभर वस्तूत अठरा बिऱ्हाडं, आणि कोणाचा कोणाला स्पर्श नाही.

मी कपाळावर हात मारून घेतला. "गुरुजी, अठरा फोल्डर केले असते तरी भागलं असतं."

"एका माजघरात अठरा चुली मांडशील का तू?"

"मांडणार नाही. पण निदान वेगानं चालेल असं काहीतरी घ्या. हे आतलं यंत्र अख्खं नकलेवर चालतंय, प्रोसेसरसुद्धा खोटा, म्हणून रखडतं."

"नकलेवर चालतं म्हणूनच कोणाच्याही यंत्रावर तसंच चालतं," ते म्हणाले. "दुकानदार आहेस, एवढं कळू नये?" मला ते दुकानदारच म्हणत. राग यायचा, कारण बोलणं बरोबर असायचं.

घर उघडायला पाच-सात मिनिटं लागत. तोवर गुरुजी सगळ्यांना डोळे मिटून बसवायचे. पुष्कळांना वाटायचं हा विधीचाच भाग आहे. आमच्या चुलतबहिणीनं तर बंगलोरला गेल्यावर तिथल्या गुरुजींना विचारलं, "तुमच्यात घर उघडेपर्यंत डोळे मिटायचे नसतात का?" काम झालं की गुरुजी घर बंद करत नसत, निजवत. म्हणजे चालू आहे त्या क्षणी थांबवून ठेवायचं. पुढच्या वेळी तिथूनच पुढे. घड्याळही तिथूनच पुढे चालणार. त्यामुळे प्रत्येक घरात वेगळी तारीख असायची, आणि गुरुजींना त्याचं काही वाटायचं नाही.

आणि घरांना नावं होती खाण्याची. आडनावं लिहायची तर आमच्यात एकाच आडनावाची तीन-तीन घरं. म्हणून ज्या घरी पहिल्यांदा पानावर जे आवडलं, ते त्या घराचं नाव. पुरणपोळी, साटोरी, शेवयांची खीर, भरली वांगी. त्यांच्या लेखी झाशीचं मराठीपण म्हणजे अशी अठरा पदार्थांची यादी होती.

आमचं घर मात्र आठ वर्षं निजलेलं होतं. दोष माझाच. बाबा गेले आणि मी सगळं गुंडाळून ठेवलं. गुरुजी तीनदा येऊन म्हणाले, "घर उघडू या. वडिलांनी बरंच लिहून ठेवलंय." मी तिन्ही वेळा दुकानाचं निमित्त सांगितलं. खरं कारण वेगळंच होतं. बाबा झाशीतल्या प्रत्येक मराठी लग्नात मंगलाष्टक म्हणायचे. खणखणीत आवाज, मांडवाबाहेरचा घोडासुद्धा कान टवकारायचा. लहानपणी मीही त्यांच्याबरोबर म्हणायचो. मग चौदाव्या वर्षी भर मांडवात माझा आवाज फाटला, लोक हसले, आणि त्यानंतर मी कधी तोंड उघडलं नाही. बाबा दर लग्नात माझ्याकडे बघायचे, मी दर वेळी पंख्याकडे बघायचो. ते गेल्यावर त्यांचं काही उघडून बघण्याची हिंमतच होत नव्हती.

अशात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. चौतिसाव्या वर्षी, तिला मनापासून आवडलेल्या मुलाशी. सासर सांगलीचं. मुलगा साधा, पण त्याला लहानाचं मोठं केलेली आत्या कडक. फोनवर त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही इतक्या पिढ्या तिकडे. मराठी रीतभात काही उरलीय की सगळं हिंदीच?" मी छातीठोक सांगितलं, "आत्याबाई, बिलकुल सगळं रीतीनंच होतं आमच्याकडे." शेजारी आई उभी होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की बस्स.

लग्न मॅरेज गार्डनमध्ये. चौरंगाशेजारी पाटावर माझा लॅपटॉप, त्यात गुरुजींची दीड मीटरची वायर, वायरीच्या टोकाला गुरुजी. आत्याबाई त्या वायरीकडे सापाकडे बघावं तशा बघत होत्या. आधी वाङ्निश्चय. म्हणजे दोन्ही घरांची गोत्रं आणि तीन-तीन पिढ्यांची नावं सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगायची. मग मुहूर्तावर मंगलाष्टकं. मुहूर्ताला पाऊण तास होता. गुरुजी सोवळ्यात, त्यामुळे यंत्राला हात लावणार नव्हते. "दुकानदार, तुमचं घर उघड," म्हणाले.

पडद्यावर अठरा नावं. मला विचार करायची गरजच वाटली नाही. आईची पुरणपोळी म्हणजे शहरात नाव घ्यावं अशी. मी 'पुरणपोळी' उघडलं. वऱ्हाड्यांनी डोळे मिटले. सात मिनिटांनी गुरुजींनी चष्मा लावला, सांगलीकरांनी दिलेल्या चिठ्ठीवरून वराचं आणि पडद्यावरून वधूचं, समोर दिसलं ते वाचलं. "वराचं गोत्र भारद्वाज. वधूचं गोत्र भारद्वाज..."

"थांबा!"

आत्याबाई उभ्या राहिल्या. "सगोत्र? आम्हाला फोनवर कौशिक सांगितलं होतंत तुम्ही."

"कौशिकच आहे," मी म्हटलं. "काहीतरी गडबड झाली."

"गडबड? तुमच्याच घराचं पान, तुमच्याच हातानं उघडलेलं, तुमचेच गुरुजी वाचताहेत. एक तर तुम्हाला तुमचं गोत्र पता नाही, नाही तर आम्हाला खोटं सांगितलंय." इतक्या संतापातही त्या आमचं हिंदी वळणाचं 'पता नाही' उचलून बोलल्या, हे माझ्या लक्षात आलं आणि अंगाचा तिळपापड झाला. पण त्यांचं काही अगदीच खोटं नव्हतं. फोनवर एकदा सांगितलं तेवढंच, एरवी आठ वर्षांत आमच्या घरात गोत्राचा उच्चार झाला नव्हता. मी बहिणीकडे पाहिलं. मुंडावळ्यांच्या आडून ती माझ्याकडेच बघत होती. रडत नव्हती, नुसती बघत होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

गुरुजींच्या चेहऱ्यावर मात्र माझ्यापेक्षा वाईट रंग होता. ज्या एका चुकीसाठी त्या माणसानं एवढा खटाटोप केला, तीच चूक भर मांडवात त्यांच्या तोंडून झाली होती. ते वाकून पडद्याच्या कोपऱ्यातलं नाव बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "अरे, हे पुरणपोळी उघडलंस. हे दुसऱ्यांचं घर."

"मग आमचं कुठलं?"

"कढी."

"कढी?" हे आईनं विचारलं. मांडवात, सगळ्यांसमोर, मुलीचं लग्न मोडायला आलेलं असताना. "माझ्या घराचं नाव कढी? अहो, मी तुम्हाला काय काय करून घातलंय!"

"वहिनी, मी पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही माहेरी होतात. यजमानांनी स्वतः कढीभात केला होता. आल्याची कढी. तशी पुन्हा खाल्ली नाही." आई मटकन खुर्चीत बसली. आत्याबाईही, का कोण जाणे, खाली बसल्या.

मी 'कढी' उघडलं. ती सात मिनिटं आयुष्यातली सगळ्यात लांब. या वेळी डोळे कोणीच मिटले नाहीत. वऱ्हाडी पाटाभोवती गोळा झाले, पलीकडून केटरिंगचा माणूसही झारा घेऊन येऊन उभा राहिला. पडदा उजळला. वरच्या कोपऱ्यात आठ वर्षांपूर्वीची तारीख, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. खाली एक पान उघडं होतं. बाबांनी एका बोटानं टाइप केलेलं, मधे मधे दोन-दोन जागा सुटलेल्या. पहिली ओळ होती, 'आमचं गोत्र कौशिक'. मग तीन पिढ्या. मग गौरी कुठल्या, नैवेद्य काय, कोणाचा मान काय.

गुरुजी म्हणाले, "आत्याबाई, चष्मा लावून स्वतः वाचा. हे घर या तारखेला निजवलं, ते आज जागं झालं. तेव्हा तुमचं सांगलीचं स्थळ कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. चूक घर उघडण्यात झाली, घरात नाही. आणि चूक माझी. मी नाव न बघता वाचलं."

आत्याबाईंनी पदर सावरून वाचलं. पहिल्या ओळीपासून, सावकाश. वाचता वाचता त्यांचा आवाज बदलत गेला. गौरींच्या ओळीला म्हणाल्या, "अगंबाई, घावन-घाटलं? हे तर आमच्या आईकडे असायचं. आता सांगलीत कोणी करत नाही." शेवटच्या ओळीला त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, "हे तुम्हीच वाचा."

ती ओळ अशी होती. 'मुलीच्या लग्नात शेवटचं मंगलाष्टक मी म्हणणार. माझा आवाज बसला तर पोरगा म्हणेल. त्याला येतं, तो फक्त'

एवढंच. पुढे उभी रेघ लुकलुकत होती. गुरुजी म्हणाले की तेव्हा दारावर कोणीतरी आलं, बाबा उठले ते गप्पांतच रमले. इकडे गुरुजींच्या बरुआसागरच्या बसची वेळ झाली, म्हणून त्यांनी घर आहे तसं निजवलं. पुढच्या वेळी पुरं करू, असं ठरलं होतं. त्यानंतर पंधरा दिवसांत बाबा गेले.

मला रडू आलं. लपवायला जागाच नव्हती. शंभर माणसं आणि एक झारा समोर होता. घड्याळ तोवर चार वाजून बारावर आलं होतं. बाबा आत्ताच दारापर्यंत गेलेत आणि येतीलच, असं वाटत होतं.

मुहूर्ताला गुरुजींनी अंतरपाट धरायला लावला. मंगलाष्टकं सुरू झाली, सांगलीकरांनी दोन म्हटली, फार सुरेख. शेवटच्या आधी गुरुजी थांबले. वायर ताणून माझ्याकडे वळले. मी म्हटलं. आवाज फाटला, दोनदा. अंतरपाटापलीकडून बहीण हसली आणि मीही हसलो, आणि सावधान म्हणेपर्यंत माझा मला आवाज सापडला होता. सगळ्यात जोरात टाळी आत्याबाईंची.

जेवणं झाल्यावर गुरुजी घर निजवायला बसले. बहीण नवऱ्याला घेऊन आली, लॅपटॉपवर वाकली आणि 'तो फक्त'च्या पुढे टाइप केलं, 'घाबरट आहे.' सगळे खदखदून हसले. गुरुजीही हसले. मग त्यांनी मला बदल न साठवता घर बंद करायला लावलं, म्हणजे ते पुन्हा निजवलं होतं त्या क्षणावर गेलं. चार वाजून दहा, 'तो फक्त', आणि लुकलुकणारी रेघ. "जसं घेतलं तसं ठेवलं," म्हणाले.

त्यानंतर दर गौरींना आमचं घर उघडायला लागलं आणि दर वर्षी कोणीतरी ते वाक्य पुरं करायला लागलं. आईनं लिहिलं, 'बापासारखा हट्टी आहे.' आत्याबाईंनी फोनवरून सांगितलं, 'आमच्या घरचा झाला आहे.' बायकोनं लिहिलं ते सांगणार नाही. दर वेळी हसायचं, आणि दर वेळी गुरुजी न साठवता परत करायचे. नाव बदलण्यासाठी आईनं सलग तीन वर्षं पुरणपोळी केली. गुरुजींनी दर वेळी सहा खाल्ल्या आणि नाव कढीच ठेवलं. चौथ्या वर्षी तिनं मुकाट्यानं आल्याची कढी केली. बाबांसारखी झाली नाही, हे तिनंच पहिल्यांदा सांगितलं.

गेल्या साली गुरुजी मुलीकडे जबलपूरला राहायला गेले. गुडघे साथ देत नव्हते. जाण्याआधी माझ्या दुकानात आले, चपला बाहेर काढल्या आणि अठरा नवे पेनड्राइव्ह मागितले. मी सगळ्यांची पाकिटं त्यांच्यासमोर फोडली. ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या हातात देऊन ते गेले. निघताना जानव्याचा जुना पेनड्राइव्ह तसाच होता. "तो कशाला आता?" मी विचारलं. "किल्ली एकटी पडेल," म्हणाले.

यंदा गौरींना मीच पेनड्राइव्ह लावला, मीच घर उघडलं, सगळ्यांना डोळे मिटायला लावलं. पाळी माझी होती. मी 'तो फक्त'च्या पुढे लिहिलं, 'उशीर करतो, बाबा.' या वेळी कोणी हसलं नाही. घर बंद करताना यंत्रानं विचारलं, बदल साठवायचे का? थांबवणारे गुरुजी शेजारी नव्हते. मी बाण 'हो'पर्यंत नेला. मग 'नाही' दाबलं आणि मोठ्यानं म्हटलं, "जसं घेतलं तसं ठेवलं."